पहिली मांडणी कशाची करायची: वखारीतलं सागवान, प्लाय की जुन्या घराची तुळई?

घरी स्वतःच्या हाताने पुस्तकांची मांडणी, म्हणजे फळ्यांचं रॅक, करायची असं म्हटलं की बेळगाव-खानापूर पट्ट्यात पहिला सल्ला ठरलेला: "करायचीच तर सागवानात कर." दांडेलीचं रान जवळ, आजोबांच्या वेळचं सागवानी कपाट अजून घरात उभं, त्यामुळे तो पटतोही. पण त्या कपाटामागे हात बसलेला मेस्त्री होता. पहिल्यांदा करवत धरणाऱ्याने हिशोब वेगळा मांडावा, असं माझं ठाम मत आहे.

हिशोबासाठी एकच वस्तू घेऊ: ५ फूट उंच, अडीच फूट रुंद, जवळपास फूटभर खोल मांडणी. दोन बाजू, पाच फळ्या.

प्लायचा पत्रा ८ बाय ४ फुटांचा येतो. १८ एमएमचा घ्या आणि दुकानातच लांबीच्या दिशेने चार समान पट्ट्या कापून मागा. करवतीची जाडी वजा जाता प्रत्येक पट्टी बारा इंचांहून जराशी कमी रुंद मिळते. दोन पट्ट्यांतून ५ फुटांच्या दोन बाजू निघतात, उरलेल्या तीन-तीन फुटांतून एकेक फळी. बाकीच्या दोन पट्ट्यांतून प्रत्येकी तीन. म्हणजे एकूण आठ फळ्या. मांडणीला पाच लागल्या तरी तीन उरतात, त्यांतून एक स्टूल होतं. सरळ आणि काटकोनात कापणं हे नवशिक्याचं सगळ्यात अवघड काम, आणि ते मशीनवर होऊन जातं. तुमच्याकडे राहतं मोजमाप, भोकं पाडणं, फेव्हिकॉल आणि स्क्रू. मागे ६ एमएमचं प्लाय ठोकायला विसरू नका. भरलेली मांडणी बाजूला कलंडू न देणारा तोच भाग आहे.

नव्या सागवानात हीच मांडणी इंचभर जाडीने धरली तर जवळजवळ दोन घनफूट लाकूड लागतं, आणि तासकाम, गाठी, टोकांच्या चिरा धरून अडीच घनफूट घ्यावं लागतं. वखारीतला चालू भाव अडीचने गुणा आणि प्लायच्या पत्र्याशेजारी ठेवा. आकडा स्वतःच बोलेल. शिवाय फूटभर रुंद अखंड फळी सहज मिळत नाही. दोन-तीन फळ्या कडेला कड लावून जोडाव्या लागतात, त्यासाठी रंध्याने कडा अशा साधाव्या लागतात की मधून उजेड दिसता कामा नये. हे शिकण्यासारखं आहे, पण पहिल्याच कामात महागड्या लाकडावर नको.

पावसाचाही विचार हवा. जांबोटी-कणकुंबीकडे आषाढ-श्रावणात भिंतीसुद्धा घाम सोडतात. अथणीकडे तेवढा ओलावा नसतो. अखंड लाकूड ओलाव्याने रुंदीत फुगतं आणि उन्हाळ्यात आक्रसतं. सागवान या बाबतीत गुणी असूनही फूटभर रुंदीत काही मिलिमीटरांचा फरक पडू शकतो, आणि चारही बाजूंनी घट्ट अडकवलेली फळी त्यापायी चिरते. प्लायमध्ये पापुद्रे एकावर एक आडवे-उभे चिकटवलेले असल्यामुळे ही हालचाल नगण्य. मात्र प्लाय पाहून घ्या. साध्या प्लायमध्ये एमआर (दमटपणा सोसणारं) आणि बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यालाही टिकणारं) असे दर्जे येतात. ओलसर भिंतीच्या गावात बीडब्ल्यूआरच घ्यावं. आयएस ७१० हा भारतीय मानक क्रमांक असलेलं ते मरीन प्लाय, ते मोरीजवळच्या कामाला. पुस्तकांना त्याची गरज नाही. एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला पत्रा) स्वस्त आणि गुळगुळीत असलं तरी आपल्या पावसात कडा फुगतात, म्हणून मी ते सुचवणार नाही.

लाकूड कुठलंही असो, फळीची लांबी वाढवायचा मोह टाळा. लांबी दुप्पट केली आणि पुस्तकं तेवढीच दाटीने भरली, तर फळी सोळापट वाकते. जाडी दुप्पट केली तर बाक आठव्या हिश्शावर येतो. अडीच फूट ही मर्यादा म्हणूनच धरली आहे. समोरच्या कडेला दीड इंचाची लाकडी पट्टी लावलीत तर आणखी बळ येतं, प्लायची उघडी कडही झाकते.

आता जुन्या घराची तुळई. कौलारू घरं पाडून स्लॅब पडतोय, आणि त्यातलं सागवान, ऐन, जांभूळ, फणस मिळेल त्या भावाने जातं. हे पाहून मला खरंच वाईट वाटतं. वर्षानुवर्षं वाळलेलं असं लाकूड वखारीत सहज मिळत नाही. नव्या सागवानापेक्षा मी हेच आधी निवडेन. पण आत खिळे असतात. लोहचुंबक फिरवून एकेक काढल्याशिवाय सॉ मिलवाला पातं लावणार नाही, आणि ते बरोबरच आहे. वाळवीने पोखरलंय का तेही टोचून पाहा. ऐन कठीण आणि जड, पटाशीला दमवतं. फणस त्यामानाने मऊ, पिवळसर, नवशिक्याला सोसणारा. आणायच्या आधी कागदही पाहा: शेतातला साग तोडायला आणि लाकूड हलवायला वन खात्याचे नियम आहेत, महाराष्ट्रातल्या चंदगडकडून राज्याची हद्द ओलांडून आणायचं असेल तर आधी खात्याकडे चौकशी करा. वखारीतून घेतलंत तरी पावती जपून ठेवा.

पॅकिंगच्या पेट्यांचं पाइन स्वस्त मिळतं, सरावाला छान. पेटीवरच्या शिक्क्यात एचटी असेल तर लाकूड उष्णतेने शेकलेलं. एमबी असेल तर विषारी धुरी दिलेलं, ते घरात आणू नका.

म्हणून माझा क्रम असा: पुस्तकांची मांडणी प्लायची. तुळई घरात असेल तर ती विकू नका. आत्ताच चिरून घ्या आणि मध्ये पट्ट्या ठेवून सावलीत रचा. चिरल्यावर जुनं लाकूडही थोडं वळतं, त्याला काही आठवडे द्या. तोवर मांडणी उभी राहिलेली असेल. मग त्या फळ्यांतून आधी पाट करा, नंतर चौरंग. वखारीतल्या सागवानाकडे त्यानंतर वळा, तेही चौरंगाचे पाय खाच-कुसूने (एका लाकडाच्या खाचेत दुसऱ्याचं टोक बसवून) घट्ट बसले तरच.