जपानी कराओकेत रॉक गाणी निवडताना: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

टोकियोत येऊन बराच काळ झाला, पण कराओकेची खरी सवय गेल्या हिवाळ्यात लागली आणि तेव्हापासून जवळजवळ दर आठवड्याला जातेय, बहुतेक वेळा एकटीच. ओळखीतल्या बऱ्याच जणी विचारतात की जपानी रॉक गाणी तू निवडतेस कशी, यूट्यूबवर ऐकताना सोपं वाटतं आणि माइक हातात आला की सगळं सुटतं, म्हणून हे लिहितेय. मशीन आणि खोलीबद्दल थोडक्यात सांगते, गाण्यांबद्दल जास्त.

आपल्याकडे पुण्या-ठाण्यात कराओके म्हणजे हॉल, स्टेज, समोर खुर्च्या आणि किशोर-लताची गाणी. इथे बंद खोली. कोबेच्या दाइसुके इनोउए यांनी १९७१ साली आपली मशीनं भाड्याने द्यायला सुरुवात केली तेव्हा ती बारमध्येच असायची, खोल्यांचा प्रकार १९८०च्या दशकात आला, आणि माझ्या मते शिकणाऱ्यासाठी सगळा फरक त्या खोलीनेच पडतो. एकच गाणं पाच वेळा लावा, मधेच थांबवा, पुन्हा लावा, कोणी बघायला नाही. एकटीने जाण्याला इथे हितोकारा म्हणतात आणि काउंटरवर कोणी भुवई उंचावत नाही. पैसे बहुतेक ठिकाणी अर्ध्या तासाच्या हिशोबाने, वर माणशी एक ड्रिंक घ्यावंच लागतं. वर्किंग डेला दुपारी जा, शुक्रवार-शनिवारी रात्री तेच दर कितीतरी पटीने चढलेले असतात.

मशीन मुख्यतः दोन, डॅम आणि जॉयसाउंड. बऱ्याच दुकानांत काउंटरवरच विचारतात कुठलं हवं. मला बँडचा आवाज डॅमवर जास्त भरीव वाटतो आणि स्कोअरिंगही तिथलं आवडतं, पण ॲनिमेची किंवा छोट्या इंडी बँडची गाणी शोधायची असतील तर जॉयसाउंडवर मिळायची शक्यता जास्त असा माझा अनुभव आहे. खोलीत शिरल्या शिरल्या आधी एको (आवाज घुमवण्याची सोय) कमी करा, तो कायम जास्तच ठेवलेला असतो, आणि म्युझिकचा आवाज थोडा उतरवा. एकोमध्ये आपला सूर आपल्यालाच धड कळत नाही.

आता गाणी. जपानी गाण्यात मुखड्याला साबी म्हणतात, आणि तो सगळ्यांना पाठ असतो, रील्सवर तोच ऐकलेला असतो, ॲनिमेच्या ओपनिंगला तोच डोक्यात बसतो. आणि आपण गाणं निवडतो तेही त्या साबीवर भाळूनच. खरा कस लागतो तो साबीच्या आधीच्या चढणीत आणि दुसऱ्या कडव्यात. बऱ्याच रॉक गाण्यांत दुसऱ्या कडव्याची चाल पहिल्यासारखी दिसते पण अक्षरं जास्त कोंबलेली असतात, कुठेतरी एक ओळच वेगळी येते, आणि तिथे पडद्यावर शब्दांवरून सरकणारे रंग भराभर पुढे पळतात आणि आपण मागे. म्हणून मी आता नवीन गाणं ठरवताना साबी ऐकतच नाही, सरळ दुसऱ्या कडव्यावर जाते, तिथे श्वास कुठे घ्यायला मिळतो ते बघते, मिळत असेल तरच यादीत.

ॲनिमेवाल्यांनी तर हे नीट लक्षात घ्यावं. टीव्हीवरची ओपनिंग दीड मिनिटाची असते, मशीनवर पूर्ण गाणं येतं. नारुतो शिपूदेनमधलं इकिमोनोगाकारीचं ‘ब्लू बर्ड’ (२००८) किंवा काना-बूनचं ‘सिल्युएट’ (२०१४) आपल्याकडच्या मुलामुलींना तोंडपाठ असतं, पण दीड मिनिटानंतर पुढचं सगळं अनोळखी. दोन्ही गाणी चांगली आहेत, नक्की गा, फक्त आधी पूर्ण ऐका. ‘युअर नेम’ या ॲनिमे सिनेमातल्या रॅडविम्प्सच्या ‘झेनझेनझेन्से’ची (२०१६) तर यादीत दोन रूपं दिसतात, सिनेमातलं आणि मूळ, मूळ रूपात जास्तीचा भाग आहे, तेव्हा बटण दाबण्याआधी बघून घ्या. तसंही ते गाणं पहिल्या महिन्यात घेऊ नका, शब्द एकमेकांच्या अंगावर चढतात.

पट्टीचं सांगते. मी लहानपणी शास्त्रीय शिकलेय, काळी चारात गाते. इथे आल्यावर एक गोष्ट फार आवडली, ती म्हणजे हल्लीचे जपानी पुरुष गायक इतके वर गातात की त्यांची गाणी कित्येक बायकांना मूळ पट्टीतच बसतात. ऑफिशियल हिगे दान्दिज्मचं ‘प्रिटेंडर’ (२०१९) ऑफिसातल्या पुरुषांना पट्टीच्या बटणाने तीन-चार पायऱ्या खाली आणावं लागतं, मला जसंच्या तसं जमतं, वरचा सूर माझ्या तार सप्तकातल्या गंधाराच्या आसपास येतो, तिथे मोकळं गाता येतं. स्पिट्झचंही तेच, मासामुने कुसानोचा आवाज इतका मऊ की गाणं सोपं वाटतं, प्रत्यक्षात बरंच वर आहे. ‘चेरी’ (१९९६) हे माझ्या मते नवीन माणसासाठी सगळ्यात चांगलं गाणं, लय मध्यम, अक्षरं सुटी सुटी, इथल्या कुठल्याही वयाच्या माणसाला माहीत. पुरुषांनी दोन-तीन बटणं उतरवून घ्यावं आणि त्यात अजिबात कमीपणा मानू नये, पट्टी बदलायचं बटण त्यासाठीच दिलंय, आपण पेटीवर काय करतो मग.

उलट जुन्या बँडची गाणी बायकांना खाली जातात. द ब्ल्यू हार्ट्सचं ‘लिंडा लिंडा’ (१९८७) घ्या, सुरुवात एकदम संथ, जवळजवळ कुजबुजल्यासारखी, तिथे मूळ पट्टीत माझा आवाज लागतच नाही, चार बटणं वर नेलं की लागतो. आणि हे गाणं मी प्रत्येकाला सुचवते. ऑफिसच्या पार्टीनंतर आम्ही सगळे एका खोलीत बसलो होतो, आमचे काचो, म्हणजे विभागाचे साहेब, एरवी मीटिंगमध्ये मोजकंच बोलणारे, त्यांनी हे लावलं, ती संथ सुरुवात डोळे मिटून गायली आणि ड्रम आला तसे बूट काढून सोफ्यावर चढले, मग नवीन भरती झालेल्या पोरांपासून सगळे उड्या मारत गात होते. सूर कोणाचाच जागेवर नव्हता आणि त्याची गरजही नव्हती. पंक गाण्याला गळ्यापेक्षा दम लागतो, जपानी कमी येत असेल तरी साबीला सगळे सोबत येतात. चार लोकांत पहिलं गाणं कुठलं घ्यावं असं कोणी विचारलं तर माझं उत्तर हेच.

एकटीने सराव करायला मात्र वेगळी गाणी. एलिफंट काशिमाशीचं ‘कोन्या नो त्सुकि नो यो नि’ (१९९७) फार खालून सुरू होतं आणि हळूहळू उघडत जातं, खर्ज असलेल्या पुरुषांनी जरूर घ्यावं. बंप ऑफ चिकनचं ‘तेन्ताई कान्सोकु’ (२००१) इथल्या तिशी-चाळिशीच्या लोकांसमोर लावा, गिटारच्या पहिल्या तुकड्याला चेहरे उजळतात. आइम्योंचं ‘मेरीगोल्ड’ (२०१८) ज्यांना ओरडायचं नाहीये त्यांच्यासाठी. आणि किंग ग्नूचं ‘हाकुजित्सु’ (२०१९) मी अजून चार लोकांत गात नाही, खोटा आवाज आणि खरा आवाज यांच्यात सारखं ये-जा आहे, ते सांधे लपवायला खूप रियाझ लागतो, पण एकटीने गाताना त्याच्याइतकं समाधान दुसरं कुठलं गाणं देत नाही.

पाठांतराचं एक सांगायचंच आहे. रोमाजीत लिहून पाठ करू नका, देवनागरीत लिहा. जपानीचे पाचही स्वर आपल्याकडे आहेत आणि र्‍हस्व-दीर्घ दाखवायची सोय आहे, जे इंग्रजी अक्षरांत धड होत नाही. त्सु म्हणजे आपल्या चूलमधला चू, झु म्हणजे जुनामधला जु, मराठी माणसाला हे शिकवावं लागत नाही. लक्ष द्यायचं ते मात्रांकडे. आपण अनुस्वार आधीच्या अक्षरात मिसळून टाकतो, जपानी गाण्यात त्या न् ला बहुतेक वेळा स्वतःचा सूर मिळतो, जोडाक्षराआधीच्या थांब्यालाही एक मात्रा जाते. ते सोडलं की ओळ लवकर संपते आणि पुढे सगळं सरकतं. मी वहीत अशा जागी न् वेगळा सुटा लिहिते आणि थांब्याला उभी रेघ मारते, तेव्हापासून वेगवान गाणी पुष्कळ सुधारली. पडद्यावर कांजीच्या, म्हणजे चिनी चित्राक्षरांच्या, वर छोट्या अक्षरांत उच्चार दिलेला असतो, म्हणजे हिरागाना-काताकाना या दोन उच्चाराच्या लिप्या आल्या की काम भागतं, पण ती अक्षरं खरंच बारीक असतात, लांब सोफ्यावरून दिसत नाहीत.

स्कोअरिंगबद्दल. डॅमच्या सेइमित्सु साइतेनमध्ये, म्हणजे बारकाईने गुण देण्याच्या सोयीत, वर सुरांच्या पट्ट्या येतात आणि आपला सूर कुठे लागला ते तिथल्या तिथे दिसतं, शिकताना हे फार उपयोगी. कंप, खालून सूर घेणं हे सगळं वेगळं मोजलं जातं. आपल्याकडे मींड घ्यायची सवय, त्यामुळे माझी ‘शाकुरि’ची, म्हणजे खालून सूर घेण्याची, संख्या भलतीच येते, आणि रॉकमध्ये तेवढी नको असते, सूर सरळ ठोकायचा असतो. पट्ट्या बघून ही सवय बरीच आटोक्यात आली. पण चार लोकांत असाल तर स्कोअरिंग बंद ठेवा, प्रत्येक गाण्यानंतर आकड्यांकडे बघत बसावं लागतं आणि मजा तुटते.

खटकलेल्या गोष्टी पण आहेत. एका दुकानात शेजारच्या खोलीतलं गाणं इतकं ऐकू यायचं की संथ गाणं घेताच येईना, एका ठिकाणी माइकची बॅटरी दर थोड्या वेळाने जायची, फोन करून बदलून मागावा लागला, त्यांनी लगेच आणून दिला हे मात्र खरं. धूर चालत नसेल तर बुकिंगलाच स्मोकिंग नसलेली खोली मागा.

आणि वेळ संपायच्या दहा मिनिटं आधी खोलीतला फोन वाजतो. तेव्हा नवीन अवघड काही लावू नका, रॉक गाण्यांना मधे गिटारचे लांब तुकडे असतात आणि त्यातच मिनिटं जातात. मी ती दहा मिनिटं ‘चेरी’साठी ठेवते, आणि आधीचं गाणं शेवटच्या वाद्यांवर आलं की सरळ थांबवायचं बटण दाबते, इथे तसं सगळेच करतात.