थरथरत होता टायर, बिल लावलं रॅकचं

वीस-तीसच्या वेगाला माझ्या गाडीचं स्टिअरिंग डावी-उजवीकडे डुलायचं. साठच्या पुढे तेवढं जाणवायचं नाही. गॅरेजवाल्याने एक चक्कर मारली आणि उतरता उतरताच सांगितलं, "रॅक गेलाय. अशी चालवू नका, वळणावर अडकेल." रॅक म्हणजे स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळवणारा भाग. घरची माणसं रोज याच गाडीत बसतात. मी घाबरलो आणि काही न विचारता हो म्हणून बसलो.

दोन दिवसांनी गाडी मिळाली. बिलात नवा रॅक, मजुरी, अलाइनमेंट (चाकांचा कोन जुळवणं), बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडे सारखं करणं). थरथर मात्र तशीच. "नवीन आहे, बसायला वेळ लागेल," म्हणाला. रॅक असा बसायला वेळ लागत नाही, हे मला नंतर कळलं. जुना रॅक मागितला तर म्हणे भंगारात गेला.

दुसऱ्या मेकॅनिकने गाडीची पुढची बाजू उचलली आणि मला खाली वाकायला लावलं. रॅकला चाकाशी जोडणाऱ्या दांडीच्या, म्हणजे टाय रॉडच्या, लॉकनटवर गंज आणि वाळलेल्या चिखलाची खपली होती तशीच होती. नवा रॅक बसवला की हा नट सोडावाच लागतो, त्यानंतरच्या अलाइनमेंटलाही. तिथे पान्याचा साधा ओरखडा नव्हता. मला अक्षरशः रडू यायचं बाकी होतं.

मग त्याने चाक हाताने फिरवलं आणि टायरच्या नक्षीजवळ स्क्रू-ड्रायव्हरचं टोक स्थिर धरलं. प्रत्येक फेरीत एकाच जागी टायर त्या टोकाला घासायचा. तिथे तळवा फिरवला तर उंचवटा स्पष्ट लागला. टायरच्या आतला तारांचा पट्टा सुटला होता. ते चाक काढून स्टेपनी लावली, थरथर बंद.

त्याच्याकडूनच कळलं, की नुसतं बॅलन्सिंग बिघडलं असेल तर थरथर बहुतेक ऐंशीच्या पुढे येते. फक्त ब्रेक दाबल्यावर आली तर आधी ब्रेकची डिस्क बघायची, उभ्या गाडीत आली तर इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यावर बसवलेलं असतं ते आधार. कमी वेगाला डुलत असेल तर आधी चाकाचे नट घट्ट आहेत का ते पाहा, मग टायर आणि रिम. पुढची चाकं मागे टाकून बघा. हादरा सीटखाली गेला तर दोष चाकातच आहे. आणि एखादा पार्ट बदलायला सांगितलात तर जुना आपल्याला परत हवा, हे काम सुरू होण्याआधीच बजावा.

रॅकचं बिल भरल्यावर गाडी दुरुस्त झाली समजून मी त्याच टायरवर घरच्यांना घेऊन हायवेला शंभरने गेलो होतो.