सेमाग्लुटाइडची गोळी आणि माझा सकाळचा चहा

सुईची भीती नसती तर ही गोळी माझ्या वाट्याला आलीच नसती. वय 61, शाळेतून निवृत्त, शुगर अकरा वर्षांची जुनी. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या शुगरच्या दोन्ही गोळ्या चालू होत्या, तरी शुगरची तीन महिन्यांची सरासरी (HbA1c) 8.6 टक्के. डॉक्टर आठवड्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनचं बोलायला लागले आणि मी खुर्चीतच मागे सरकले. तेव्हा ते म्हणाले, त्याच जातीचं औषध गोळीतही आहे, 2022 पासून आपल्याकडे मिळतं.

लिहून देण्याआधी त्यांनी खूप विचारलं. घरात कोणाला थायरॉइडचा कॅन्सर होता का, स्वादुपिंडाला कधी सूज आली होती का. डोळ्यांचा पडदा तपासून आणायला लावलं. ग्लिमेपिराइड निम्मी केली, कारण दोन्ही मिळून शुगर एकदम खाली जाऊ शकते. पोटात जोराची कळ येऊन पाठीकडे गेली तर गोळी बंद करून सरळ दवाखाना गाठायचा, हे दोनदा बजावलं. तेव्हा मला कंटाळा आला होता. आता वाटतं, हे न विचारता कोणी ही गोळी लिहून देत असेल तर तिथून उठून यावं.

खरी परीक्षा घरी. मी पहाटे साडेपाचला डोळे उघडले की आधी आधण ठेवणारी बाई. आणि ही गोळी घ्यायची उपाशीपोटी, जास्तीत जास्त 120 मिली साध्या पाण्याबरोबर. पुढचा किमान अर्धा तास काही नाही. चहा नाही, बीपीची गोळीसुद्धा नाही. 120 मिली म्हणजे किती? सुनेच्या केकच्या मापातला अर्धा कप भरून बघितला. चार घोट! एवढा जाच का, तर हे औषध पोटातून रक्तात जेमतेम एक टक्का पोचतं. गोळीतला दुसरा एक घटक जठरातलं आम्ल गोळीपुरतं कमी करतो आणि तेवढ्यात ते अस्तरातून आत शिरतं. वर चहा ओतला की तेही गेलं.

पहिला महिना 3 मिलिग्रॅमची. शुगर जागची हलली नाही. चिडून फोन केला तर कळलं, हा डोस पोटाला सवय लागावी म्हणून असतो, शुगर उतरवायला नाही. अहो, मग आधी सांगा की! महिनाभर पैसे घालून आकडा तोच दिसला की माणूस गोळी सोडणारच.

7 ची सुरू झाली आणि फोडणीचा वास नकोसा झाला. मोहरी तडतडली की मी गॅलरीत. दोन भाकऱ्यांची एक झाली, तीही पहिल्या ढेकरेला थांबायचं हे शिकल्यावर पचायला लागली. पाचएक आठवड्यांत मळमळ गेली, बद्धकोष्ठता अजून अधूनमधून आहेच.

मधे लेकीने प्रेमाने सात कप्प्यांची डबी आणली आणि आठवड्याच्या गोळ्या सोलून भरून ठेवल्या. ही गोळी दमट हवेत खराब होते, घ्यायच्या वेळीच पाकिटातून काढायची असते. मला कळेपर्यंत तीन दिवस मी डबीतल्याच गिळल्या होत्या. उरलेल्या चार कचऱ्यात. सव्वा हजारावर पाणी!

अष्टविनायकाला गेलो तेव्हा बस सहाला टपरीवर थांबायची, सगळ्याजणी चहा घ्यायच्या, मग मीही घेतला. दोन दिवस गोळी चुकली. तिसऱ्या दिवशी दोन घेऊन भरपाई करणार होते, बरं झालं आधी विचारलं. चुकली की चुकली, दुसऱ्या दिवशी नेहमीची एकच.

आठ महिन्यांनी सरासरी 7.1, वजन 71 वरून 66. 14 ची करू या का, असं डॉक्टरांनी विचारलं, मी नको म्हटलं. महिन्याला दहा हजारांच्या आसपास जातात, पेन्शनमधून. पाचातले साडेतीन तारे देते. दीड कापला तो किमतीचा आणि त्या पहिल्या महिन्याचा.

आमचे हे हल्ली बरोबर त्याच अर्ध्या तासात दूध आणायला बाहेर पडतात. दूधवाला दारात येतो, तरी.