साधी मॅमोग्राफी की थ्रीडी?

मॅमोग्राफी म्हणजे कर्करोग शोधण्यासाठी काढलेला स्तनांचा एक्स-रे. तो थ्रीडीत दुखत नाही असं ऐकून ठरवू नका. स्तन दोन्हींत दाबावाच लागतो. थ्रीडीत, म्हणजे टोमोसिंथेसिसमध्ये, एक्स-रेची नळी कमानीत फिरते, त्यामुळे दाब काही सेकंद जास्तच राहतो. दुखणं कमी करायचं तर पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यातली वेळ घ्या, तेव्हा स्तन कमी हुळहुळे असतात. त्या दिवशी डिओ-पावडर मात्र नको. त्यातले कण फोटोत कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसतात, आणि तसे ठिपके कधीकधी कर्करोगाची खूण असतात.

साध्या मॅमोग्राफीत प्रत्येक स्तनाचे दोन फोटो निघतात, एक वरून, एक तिरका. सगळी जाडी एकाच सपाट चित्रात उतरते. त्यात एकावर एक आलेल्या ऊती गाठीसारख्या दिसतात, रिपोर्टवर ‘बायरॅड्स ०’ (बायरॅड्स म्हणजे निष्कर्षाची ठरलेली श्रेणी) लिहून येतं आणि फोन येतो, परत या. शून्य म्हणजे कर्करोग नव्हे, तपासणी अपुरी राहिली एवढंच. मग तेवढ्याच भागावर छोटी पट्टी दाबून फोटो, नंतर सोनोग्राफी, आणि बहुतेकींना काहीच निघत नाही. पण मधले दिवस झोप उडवतात. ‘आमच्या घरात कुणाला नाही’ म्हणत कशीबशी तयार झालेली बाई एवढ्यानेच पुढच्या खेपेला टाळाटाळ करू लागते. आणि हा आजार होणाऱ्या बहुतेकींच्या घरात तो आधी कुणालाच झालेला नसतो!

माझा कौल थ्रीडीकडे झुकला तो या फोनमुळेच. तिथे साधारण एकेक मिलिमीटरचे काप वेगवेगळे पाहता येतात, त्यामुळे अशी फसवी सावली बऱ्याचदा तिथेच उलगडते. पहिलीच तपासणी असेल, ताडून पाहायला जुने फोटो नसतील, तर हे विशेष उपयोगी.

अर्थात स्तनांत चरबी जास्त आणि घनता (म्हणजे ग्रंथी-तंतूंचं प्रमाण) कमी असेल तर साधीतही चित्र स्वच्छ येतं. अतिघन स्तनांत थ्रीडीचाही फायदा कमी होतो, तिथे सोनोग्राफी किंवा एमआरआयबद्दल डॉक्टरांशी बोला. थ्रीडीने जास्त जीव वाचतात हेही अजून सिद्ध झालेलं नाही. म्हणून थ्रीडी मिळत नाही या कारणावर तपासणी लांबवू नका, साधी करून घ्या.

थ्रीडी ठरलीच, तर सपाट चित्र कापांवरूनच तयार करतात का, हे आधी विचारा. ते वेगळं काढत असतील तर किरणांची मात्रा जवळपास दुप्पट होते. सुरक्षित मर्यादेतच, पण विनाकारण. आणि जुन्या फोटोंची सीडी बरोबर न्या, नुसता कागदी रिपोर्ट ताडून पाहायला उपयोगाचा नसतो.