व्हॅम्पायर क्रॅब की रेड क्लॉ? खेकडा घरी आणण्यापूर्वी

घरी छोटे खेकडे पाळायचे ठरले की निवड बहुधा दोघांत करावी लागते: जावा बेटावरचा, जांभळट पाठीचा आणि पिवळ्या डोळ्यांचा व्हॅम्पायर क्रॅब, किंवा हिंद-प्रशांत किनाऱ्यांवरील खारफुटीत राहणारा, लाल नांग्यांचा रेड क्लॉ. दोघांनाही पाणी आणि जमीन दोन्ही लागतात. खरा फरक आहे तो त्यांना लागणाऱ्या पाण्याचा.

रेड क्लॉ हा खाडीचा जीव आहे आणि त्याला मचूळ पाणी लागते. तरीही तो अनेकदा माशांच्या काठोकाठ भरलेल्या गोड्या पाण्याच्या टाकीत विकला जातो, आणि तिथे काही महिने जगतोही, म्हणून ते चालते असा समज होतो. मलाही विक्रेत्याने हेच सांगितले होते. माझा खेकडा दिवसभर फिल्टरची नळी धरून, अंग पाण्याबाहेर काढून बसे. ती त्याची सवय असावी असे मला वाटले. प्रत्यक्षात हे खेकडे कल्ल्यांतले पाणी कवचावरच्या बारीक केसांच्या जाळीवरून खेळवतात आणि हवेतला प्राणवायू त्यात घेऊन ते पुन्हा आत ओढतात, त्यामुळे कोरडी जागा ही त्यांची गरजच असते. तो कवच टाकताना मेला, याची खंत मला आजही आहे. रेड क्लॉ पाळायचाच असेल तर साधे मीठ न वापरता सागरी टाकीसाठी मिळणारे मीठ वापरावे, हायड्रोमीटरने पाण्याचा खारटपणा मोजावा आणि झाकणाला वायरीपुरतीही फट ठेवू नये, कारण तो पळून जाण्यात पटाईत आहे.

व्हॅम्पायर क्रॅब आयुष्यभर गोड्या पाण्यावर राहतो. रेड क्लॉची पिल्ले सुरुवातीला समुद्रात तरंगत वाढतात, म्हणून ती घरी वाढवणे जवळजवळ अशक्य असते. व्हॅम्पायरच्या अंड्यांतून मात्र थेट इवलेसे खेकडेच बाहेर पडतात. ही जात बाजारात बरीच वर्षे विकली जात होती, पण तिचे शास्त्रीय वर्णन झाले ते २०१५ साली, आणि जंगलातून होणारी पकड ही तिच्याबाबतची खरी काळजी आहे. म्हणून टाकीतच जन्मलेले खेकडे आहेत का, हे विचारूनच घ्यावेत. टाकीचा बराचसा भाग ओलसर कोकोपीट, शेवाळ आणि देशी बदामाची वाळलेली पाने यांनी भरावा व पाणी उथळ ठेवावे. कोकणात हवेतला दमटपणा आयता मिळतो. पुण्यात किंवा नागपुरात उन्हाळ्यात काचेचे झाकण लावून रोज पाणी फवारावे लागते.

नर-मादी ओळखायला बाजारातल्या खेकड्याचीच खूण चालते: पोटाखालची झडप नराची अरुंद, मादीची रुंद आणि गोलसर. दोन नर लहान जागेत भांडतात, म्हणून ४५ सेंटिमीटरच्या टाकीत व्हॅम्पायरचा एक नर आणि दोन माद्या पुरेत. नवख्याने हाच पर्याय घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

दोघांनाही कॅल्शियम लागते. पक्ष्यांसाठी मिळणारा समुद्रफेन त्यासाठी उत्तम. तांबे असलेली माशांची औषधे मात्र त्यांच्या जिवावर बेततात. एखाद्या सकाळी डोळ्यांच्या आवरणांसकट रिकामे कवच दिसले, तर खेकडा मेला असे समजून ते काढून टाकू नये. तो मऊ अंगाने जवळपासच लपलेला असतो आणि पुढे हेच कवच खातो.