जॅक्सन हाइट्समधलं शंभरीच्या घरातलं जुनं को-ऑप: हिवाळा-उन्हाळा काढल्यावरचा अनुभव

न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये, जॅक्सन हाइट्सच्या हिस्टॉरिक डिस्ट्रिक्टमधल्या आमच्या वन-बेडरूम को-ऑपमध्ये, म्हणजे सहकारी सोसायटीतल्या घरात, आता एक अख्खा हिवाळा आणि एक उन्हाळा काढून झाला. घर शोधणारे ओळखीचे मराठी लोक सारखे विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते. घर मला मनापासून आवडलंय.

इमारत १९२०च्या दशकातली. १९०९ पासून क्वीन्सबरो कॉर्पोरेशनने इथली शेतजमीन घ्यायला सुरुवात केली, १९१७ मध्ये ७ नंबरची ट्रेन आली आणि मग ब्लॉकच्या कडेने इमारती, मधोमध बाग अशी घरं उभी राहिली. आमची बेडरूम या बागेकडे उघडते, त्यामुळे रूझवेल्ट अ‍ॅव्हेन्यूवरच्या ट्रेनचा खडखडाट इतका जवळ असूनही रात्री शांत झोप लागते. त्या काळी इथे ज्यू आणि कृष्णवर्णीय लोकांना घरं देत नसत, हेही विसरू नये. आज त्याच गल्ल्यांत कोलंबियन, बांगलादेशी, तिबेटी आणि आपण सगळे शेजारी आहोत, याचा मला फार आनंद होतो.

को-ऑपमध्ये घर थेट तुमच्या नावावर होत नाही. इमारतीच्या कंपनीचे शेअर्स आणि त्यासोबत प्रोप्रायटरी लीज, म्हणजे त्या घरात राहायचा हक्क देणारा करार, मिळतं. मुंबईच्या सोसायटीची सवय असलेल्याला हे ओळखीचं वाटेल. गावदेवीची सारस्वत सोसायटी तर १९१५ची, म्हणजे आमच्या इमारतीहून जुनी. इथे मात्र शेअर्स किती हे घराचा आकार आणि मजला बघून ठरतं आणि मेंटेनन्सही त्याच प्रमाणात. त्यात मालमत्ता कर, हीटिंग, गरम पाणी, सुपरचा (इमारतीची देखभाल करणाऱ्या माणसाचा) पगार आणि इमारतीवर कर्ज असेल तर त्याचा हप्ता, सगळं येतं. म्हणून आधी सोसायटीचे ताळेबंद मागा. राखीव निधी किती आहे, कर्जाची मुदत कधी संपते आणि बॉयलर तेलावर चालतो की गॅसवर, हे विचाराच. २५,००० चौरस फुटांवरच्या बहुतेक इमारतींना २०२४ पासून कार्बन उत्सर्जनाची मर्यादा लागू आहे, २०३० पासून ती आणखी कडक होईल, आणि तो खर्च शेवटी शेअरहोल्डरवरच येणार.

व्हिसावर असाल तर सबलेटचे नियम सगळ्यांत आधी वाचा. आमच्याकडे काही वर्षं स्वतः राहिल्याशिवाय घर भाड्याने देता येत नाही. अचानक भारतात परतावं लागलं तर फार अडचण होईल.

आता रेडिएटर. आमच्याकडे एकाच नळीची वाफेची पद्धत आहे: वाफ ज्या नळीतून येते, तिचं थंड होऊन पाणी झालं की ते पाणी त्याच नळीतून परत जातं. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद हवा. अर्धवट ठेवला की पाणी अडतं आणि पहाटे कुणीतरी हातोडा मारतंय असा आवाज येतो. आमचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असूनही तो आवाज यायचा. सुपरने लेव्हल लावून पाहिली, तर रेडिएटर उलट्या बाजूला कललेला. त्याने व्हॉल्व्हपासून लांबच्या पायांखाली लाकडाच्या दोन चकत्या सरकवल्या, उतार व्हॉल्व्हकडे केला, हवा सोडणारा छोटा व्हेंट बदलला, आणि आवाज थांबला. ऊब मात्र इतकी असते की जानेवारीतही खिडकी थोडी उघडावी लागते.

खिडक्या बदलायच्या तर लँडमार्क्स कमिशनची, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या शहराच्या संस्थेची, परवानगी लागते. वायरिंग जुनं आहे, एसी आणि मायक्रोवेव्ह एकदम लावता येत नाहीत. घरात वॉशिंग मशीनला बंदी, कपडे बेसमेंटमध्ये धुवायचे.

स्वयंपाकघर छोटं, पण स्वतंत्र, दार आणि खिडकी असलेलं. नव्या टॉवरमधल्या ओपन किचनपेक्षा मला हे कितीतरी पटींनी बरं वाटतं. मिरचीची फोडणी द्या, सुके बोंबील भाजा, दार लावलं की सोफ्याला वास लागत नाही. कढीपत्ता संपला तर ७४व्या स्ट्रीटवर चालत जाऊन आणता येतो, आणि ३४व्या अ‍ॅव्हेन्यूवर दिवसा गाड्या जवळपास बंद असतात, त्यामुळे मुलं रस्त्यावर सायकल शिकतात.

घर बघायला शक्यतो कडाक्याच्या थंडीत जा, बॉयलर रूम दाखवायला सांगा, आणि दलाल बाजूला असताना सुपरशी पाच मिनिटं बोला.