घराचं वायरिंग: ठेकेदार पहिल्या दिवसापासून, की शेवटी सहीपुरता?

महावितरणच्या नव्या जोडणीसाठी परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. स्वतः घर बांधणारे तो दोन प्रकारे मिळवतात.

ठेकेदाराने स्लॅबमधल्या पाइपांपासून काम पाहिलं, तर मजुरी जास्त जाते. पण प्रत्येक प्लगपर्यंत हिरवी अर्थ वायर पोचली का, गीझरला ४ चौरस मिमीची वायर आहे का, हे प्लास्टरआधी डोळ्यांनी दिसतं.

ओळखीच्या वायरमनकडून काम करून शेवटी सही घेणं स्वस्त पडतं. मात्र सही करणाऱ्याने भिंतीतलं काहीच पाहिलेलं नसतं. नेहमीची चूक म्हणजे स्विचबॉक्समध्ये दोन सर्किटांचे न्यूट्रल (करंट परत नेणाऱ्या वायरी) एकत्र जोडणं. त्यातलं एकच सर्किट ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर (करंटची गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) असेल, तर गेलेला करंट दुसऱ्याच न्यूट्रलने परततो आणि आरसीसीबी सारखी ट्रिप होते. मग कोणीतरी ती काढूनच टाकतो. खरा धोका तिथे आहे.

आमचा कौल स्पष्टपणे पहिल्या पर्यायाला. नियमही तेच सांगतो: काम परवानाधारकाने, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीच्या देखरेखीखाली करायचं.

वायरिंग आधीच झालं असेल, तर निदान मेगर चाचणी (वायरच्या इन्सुलेशनची तपासणी) समोर करून घ्या. मेन बंद, बल्ब आणि उपकरणं काढलेली, स्विच चालू. ५०० व्होल्ट डीसी १ मिनिट. वायर आणि अर्थ यांमध्ये इन्सुलेशनचा रोध किमान १ मेगाओहम हवा. पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आधी सोडवा, नाहीतर ते जळू शकतात. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून अर्थिंग तपासलं जात नाही, ते वेगळं मोजावं लागतं.